न मोडलेले तीन स्टड

एकदा एक भूगोलाचा मास्तर एका वृद्ध मिस्त्रीचा शिष्य झाला. ऐकायला जरा उलटे वाटेल. आपल्याकडे शिष्य म्हटला की तो कोवळ्या वयाचा आणि गुरू म्हटला की तो दाढीवाला, असा समज पक्का बसलेला आहे. हा शिष्य पंचेचाळिशीचा होता, डोक्यावर निम्मेच केस उरलेले होते आणि नाव होते श्रीरंग. गुरूंना दाढी नव्हती. कानामागे पेन्सिल मात्र कायम असे. त्यांचे नाव सोपानकाका. साखर कारखान्याच्या गाड्या दुरुस्त करण्यात त्यांची छत्तीस वर्षे गेली होती. निवृत्तीनंतर त्यांनी घराशेजारी पत्र्याची एक शेड उभी केली आणि हात चालते राहावेत म्हणून येईल त्याचे काम करू लागले.

श्रीरंगला वाटे, आपल्या गाडीचे काम आपल्याला यायला हवे. शनिवारी सकाळची शाळा सुटली की तो थेट शेडवर जाई. काका त्याला नावाने कधी हाक मारत नसत. ‘या मास्तर, पुस्तक ठेवा आणि पाना धरा,’ असे म्हणत आणि वर अगदी गंभीर चेहऱ्याने बघत. दोन वर्षांत श्रीरंग बरेच शिकला होता. मात्र जे शिकायचे होते ते त्या शनिवारी शिकला.

त्या शनिवारी काम होते स्टडचे. ज्यांनी आयुष्यात कधी चाक बदललेले नाही त्यांच्यासाठी सांगतो. (लाजू नका, अशी पुष्कळ माणसे आहेत आणि ती सुखी आहेत.) गाडीचे चाक ज्या लोखंडी भागावर बसते त्याला हब म्हणतात. त्या हबमधून आटे पाडलेल्या चार जाड खुंट्या बाहेर आलेल्या असतात. चाक त्या चार खुंट्यांवर चढवायचे आणि वरून चार नट आवळायचे. या खुंट्या म्हणजे स्टड. अख्खी गाडी, तिच्यातली माणसे, त्यांच्या पिशव्या आणि डबे, सगळा भार शेवटी यांच्यावर येतो.

श्रीरंगच्या गाडीच्या पुढच्या डाव्या चाकाचा एक स्टड आठ महिन्यांपूर्वी तुटला होता. त्याचे वडील, नाना, यांना अर्धांगवायूचा झटका आला, महिनाभर शहरातल्या इस्पितळात ठेवले आणि मग घरी आणताना वाटेत चाक पंक्चर झाले. रस्त्याकडेच्या पंक्चरवाल्याने चाक बसवले, पान्याच्या दांड्यावर दोन्ही पायांनी उभा राहिला आणि नट पक्का व्हावा म्हणून एक उडी मारली. टक्कन आवाज झाला आणि स्टडचे टोक नटासकट खाली पडले. पंक्चरवाल्याने ते उचलून गटारात भिरकावले आणि म्हणाला, ‘तीन आहेत की साहेब. चालतंय.’

हा ‘चालतंय’ शब्द ज्याने कुणी प्रथम उच्चारला त्याला गाठून चार शब्द सुनवावेत, असे मला कैक वर्षे वाटत आले आहे. आपली निम्मी घरे, निम्म्या संस्था आणि सगळे नळ या एका शब्दावर उभे आहेत. मागच्या सीटवर नाना मान टाकून पडलेले, वसुधा त्यांचे डोके मांडीवर घेऊन बसलेली. अशा वेळी श्रीरंगने तरी दुसरे काय करावे? तो ‘बरं’ म्हणाला आणि गाडी सुरू केली. नंतर आठ महिने गाडी खरेच चालत राहिली.

वसुधा म्हणजे श्रीरंगची बायको. या आठ महिन्यांत नानांना उठवणे, बसवणे, न्हाऊ घालणे, भरवणे, रात्री दोनदा कूस बदलून देणे, हे सारे तिच्याकडे आले. श्रीरंग काही करत नव्हता असे नाही. औषधे आणायचा, डॉक्टरांना फोन करायचा, शाळेतून आल्या आल्या नानांच्या खाटेशी बसून ‘आज कसं वाटतंय?’ विचारायचा. येणारे-जाणारे नातेवाईकही नानांचीच विचारपूस करून, वसुधाच्या हातचा चहा पिऊन जात. जाताना म्हणत, ‘वसुधा मात्र खमकी हो!’ मग श्रीरंगला बरे वाटे.

आठवड्यापूर्वी वसुधाने भाजी चिरता चिरता विचारले होते, ‘अहो, मी आठ दिवस ताईकडे जाऊन येऊ का?’

‘आत्ता?’ श्रीरंग म्हणाला. ‘आणि नानांचं कोण बघणार? दिवाळीनंतर बघू. तू तर ठणठणीत आहेस.’

ती ‘बरं’ म्हणाली. पुन्हा तिने विषय काढला नाही आणि श्रीरंगच्या तो डोक्यातूनही गेला.

रविवारी नानांना तपासणीसाठी शहरात न्यायचे होते. वाटेत घाट. श्रीरंगला एकाएकी तुटलेल्या स्टडची आठवण झाली. शनिवारी शाळा सुटताच त्याने सुट्या भागांच्या दुकानातून एक नवा स्टड घेतला आणि शेड गाठली.

काकांनी स्टड तळहातावर घेऊन पाहिला. ‘एकच?’

‘एकच तुटलाय ना.’

‘किती दिवस झाले?’

‘आठ महिने.’

काकांनी पेन्सिल कानामागून काढली आणि परत तिथेच खोचली. ‘जा, अजून तीन घेऊन ये.’

‘काका, बाकीचे तीन अगदी धडधाकट आहेत. मी कालच पाहिलंय.’

‘मास्तर, दुकान बंद व्हायच्या आत जा.’

श्रीरंग गेला. मनातल्या मनात कुरकुरतच गेला. काकांचे वय झाले, आता त्यांना प्रत्येक गोष्टीत धोका दिसतो, असे त्याला वाटले. परत आला तेव्हा काकांनी गाडी जॅकवर उचलून घेतली होती, मागच्या चाकांना दगड लावले होते आणि जॅक घसरलाच तर म्हणून स्टेपनी गाडीखाली आडवी सरकवली होती.

‘कर सुरू,’ ते म्हणाले आणि स्टुलावर बसले.

श्रीरंगने चाक काढले. ब्रेकचा जबडा दोन बोल्ट सोडवून बाजूला केला आणि तसाच लोंबकळत सोडणार, तोच काका ओरडले, ‘अरे अरे! ब्रेकच्या नळीवर टांगतोस होय त्याला? तारेनं वर बांध.’ श्रीरंगने निमूटपणे बांधला. मग हबवरची ब्रेकची तबकडी, म्हणजे डिस्क, उतरवली. हब फिरवून तुटलेला स्टड मागे मोकळी जागा मिळेल अशा ठिकाणी आणला आणि हातोड्याचे तीन-चार ठोके दिले. तुटका बुंधा मागच्या बाजूने खाली पडला. श्रीरंगचा जीव भांड्यात पडला. आता नवा घालायचा, नट आवळायचे आणि घरी जायचे, एवढेच राहिले होते.

काका उठले. त्यांनी हातोडा त्याच्या हातातून घेतला, हब थोडा फिरवला आणि शेजारच्या चांगल्या स्टडवर घाव घातला.

‘काका!’

दुसरा घाव. स्टड निखळला. काकांनी हब फिरवला आणि पुढच्यावर हातोडा उगारला.

‘काका, अहो काय करताय? चांगले आहेत ते! तुटला त्याची दुरुस्ती करायला आलो आणि तुम्ही न तुटलेले काढताय?’ श्रीरंगचा आवाज चढला. गुरूपुढे त्याचा आवाज चढण्याची ही पहिलीच वेळ.

तिन्ही चांगले स्टड काढून होईपर्यंत काका थांबले नाहीत. मग ते तिन्ही त्यांनी रॉकेलच्या डबीत टाकले आणि म्हणाले, ‘चल, चहा घेऊ.’

चहा होईपर्यंत श्रीरंग धुसफुसतच होता. काकांनी दोन्ही कप शांतपणे धुतले, मग स्टड डबीतून काढून जुन्या धोतराच्या फडक्याने खसाखसा पुसले. इतके कोरडे केले की बोटाला ओल लागेना.

‘मास्तर, खिशात खडू आहे?’

श्रीरंगने खिसा चाचपला. खडू होता. भूगोलाच्या मास्तराच्या खिशात खडू नसेल तर काय असेल? काकांनी तो दगडावर ठेचला, त्याची पूड तिन्ही स्टडांना बोटाने चोळली आणि ते वर्तमानपत्रावर ओळीने ठेवले. स्टड पांढरेफटक झाले.

‘आता बघ.’

‘काय बघू?’

‘नुसतं बघ. पोरांना नकाशा बघायला सांगतोस ना तासभर?’

श्रीरंग बघत राहिला. प्रथम काही दिसेना. मग पहिल्या स्टडवर, मागच्या जाड डोक्याच्या जरा वर, जिथे आटे सुरू होतात तिथे, केसाएवढी काळी रेघ उमटली. ती हळूहळू निम्म्या स्टडाला वळसा घालून गेली. तिसऱ्यावरही तशीच रेघ आली. हे दोन स्टड तुटलेल्या स्टडच्या दोन्ही बाजूंचे होते. श्रीरंगने रेघेवरून नख फिरवले. नखाला काहीच लागले नाही.

‘चीर आहे,’ काका म्हणाले. ‘आत रॉकेल शिरलं होतं, ते आता खडूनं ओढून काढलं. डोळ्याला दिसत नाही, हाताला लागत नाही.’

‘आणि हा मधला?’ श्रीरंगने विचारले. त्याच्या आवाजातला चढेलपणा कुठल्या कुठे गेला होता.

काकांनी नवा स्टड आणि मधला जुना असे दोन्ही शेजारी धरले, आट्यांत आटे बसवले आणि त्याच्या हातात दिले. ‘उजेडाकडे धर.’ खालचे आटे एकमेकांत चपखल बसले होते. वर मात्र त्यांच्यामधून उजेड दिसत होता. जुना स्टड ताणून लांब झाला होता.

श्रीरंगने दोन्ही स्टड खाली ठेवले. उद्या घाट होता. मागच्या सीटवर नाना असणार होते आणि वसुधा असणार होती.

‘घाबरू नकोस, आता ते गाडीत नाहीत,’ काका म्हणाले आणि स्टूल ओढून त्याच्यासमोर बसले. मग त्यांनी जे सांगितले ते सावकाश सांगितले. ‘हे बघ. एक मोडला की सगळे त्याच्याकडे बघतात. मोडला, मोडला म्हणून हळहळतात. पण मोडला तो सुटला. त्याच्या वाटचं वजन दुसऱ्या मिनिटाला शेजारच्यांवर गेलं. ते कुरकुरत नाहीत, गाडी थांबवत नाहीत, म्हणून आपण म्हणतो, हे धडधाकट आहेत. मोडला त्याची दुरुस्ती करावीच. पण मोडला नाही, त्याच्याकडे आधी बघावं. कारण त्याच्याकडे दुसरं कुणी बघत नसतं.’

चष्मा काढून त्यांनी त्याच फडक्याने पुसला, त्यामुळे तो अधिकच मळला.

‘मला हे लोखंडानं शिकवलं होतं. तरी घरात उपयोग केला नाही. थोरल्या पोराच्या किडनीचं दुखणं तीन वर्षं चाललं. मी कारखान्यातून आलो की दारातूनच विचारायचो, आज कसा आहे? तुझी काकू सांगायची, आज बरा आहे, आज जेवला. तीन वर्षं मी तिला पोराचंच विचारलं. पोरगा बरा झाला, आता त्याला दोन मुलं आहेत. तुझी काकू त्याच वर्षी गेली. डॉक्टर म्हणाले, वर्षभर तरी दुखत असणार यांना. मला ठाऊक नव्हतं रे. एका घरात राहून ठाऊक नव्हतं.’

एवढे बोलून ते उठले. ‘चल, नवे बसव. आणि ठोकून नाही हं. वायसर घालून, नट उलटा लावून, पान्यानं हळूहळू ओढून घ्यायचा. आपल्या जागी आला की तोच सांगतो.’

श्रीरंगने चार नवे स्टड एकेक करून ओढून बसवले. डिस्क, ब्रेक, चाक, सारे चढवले. समोरासमोरचे नट थोडे थोडे करत आवळले, पान्यावर पाय ठेवला नाही. काकांनी एकदा चाकावर हात फिरवला आणि मान हलवली. शिष्याने वाकून नमस्कार केला तेव्हा ते म्हणाले, ‘पाया कसला पडतोस? घरी जा.’

श्रीरंग घरी आला तेव्हा उन्हे कलली होती. नेहमीच्या सवयीने त्याची पावले नानांच्या खाटेकडे वळली. दाराशी थांबून त्याने आत पाहिले. नाना शांत पडले होते. तो तिथून स्वयंपाकघरात गेला. वसुधा नानांची पेज ढवळत होती.

‘झालं का गाडीचं?’ तिने मागे न बघता विचारले. ‘नानांनी दुपारी नीट खाल्लं नाही. थोडा खोकला आहे.’

‘तू कशी आहेस?’

‘मी?’ ती हसली. ‘मला काय होतंय?’

गेल्या आठ महिन्यांत कधीही हे उत्तर त्याला पुरले असते. किंबहुना याच उत्तराच्या आशेने त्याने अधूनमधून, आंघोळीला जाता जाता, हा प्रश्न टाकलाही असेल. आज त्याने पाट ओढला आणि ओट्याशी, तिच्या पायांजवळ, बसला. हाताला अजून ग्रीसचा वास येत होता.

‘वसू, मी खरंच विचारतोय. तू कशी आहेस?’

तिने एकदा त्याच्याकडे बघितले. मग गॅस बंद केला.

‘पाठ दुखते,’ ती म्हणाली. ‘सकाळी उठले की डाव्या हाताची बोटं बधिर असतात. नानांना उचलताना हात सुटेल की काय, अशी भीती वाटते. गेल्या महिन्यात न्हाणीघरात चक्कर येऊन पडले होते.’

‘पडली होतीस? आणि मला सांगितलं नाहीस?’

‘तुम्ही आलात, नानांचा ताप विचारलात. मी ताप सांगितला.’

तिने हे रागाने म्हटले असते तर श्रीरंगला सोपे गेले असते. तिने ते नुसते सांगितले. सांगता सांगता तिला रडू आले आणि रडू आल्याचेच तिला नवल वाटले. श्रीरंगने तिचा डावा हात हातात घेतला. तो गार होता. ‘चुकलो मी,’ एवढेच त्याला म्हणता आले. त्याने पेजेचे पातेले उचलले आणि त्या संध्याकाळी नानांना स्वतः भरवले. निम्मी पेज त्यांच्या सदऱ्यावर सांडली. नंतर ओसरीत जाऊन त्याने दोन फोन केले: एक मुख्याध्यापकांना, आठ दिवसांच्या रजेसाठी, आणि एक वसुधाच्या ताईला, वसुधा बुधवारी येत आहे हे कळवायला.

रविवारी गाडी घाट सुखरूप उतरली. इस्पितळाच्या खिडकीशी कारकून बाईंनी वर न बघताच विचारले, ‘पेशंटचं नाव?’

वसुधाने सवयीने नानांचे नाव सांगितले. श्रीरंग पुढे वाकून म्हणाला, ‘दोन केसपेपर काढा. दुसऱ्यावर वसुधा श्रीरंग टिळेकर लिहा.’

‘अहो, माझं कशाला?’ वसुधा म्हणाली. पण फार जोराने म्हणाली नाही. नानांच्या चाकाच्या खुर्चीच्या दांड्यावर तिचा हात होता, तो श्रीरंगने काढला आणि तिथे आपला ठेवला. या इस्पितळात ती आठ महिने येत होती, पण बाकावर कधी बसली नव्हती. खुर्चीमागे उभीच असायची. आज हात मोकळे झाल्यावर काय करावे हे तिला क्षणभर कळले नाही. मग ती बसली, भिंतीला डोके टेकले आणि दोन मिनिटांत गाढ झोपली.

तासाभराने आतून नर्स आली आणि मोठ्याने म्हणाली, ‘वसुधा टिळेकर कोण?’

श्रीरंग उठणार, तेवढ्यात नानांनी आपला चांगला हात वर केला. झटका आल्यापासून त्यांचे बोलणे अडखळे आणि त्यांना एकेक शब्द जुळवायला वेळ लागे. नर्सला थांबावे लागले.

‘पुढचा... घ्या,’ नाना म्हणाले. ‘पोरगी... झोपलीय.’